मसाजीच्या जिभेतलं जस्त

"कशी झाली आमटी?" पंचफुलाबाईनं विचारलं.

मसाजीनं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तोंडात टाकला, डोळे मिटले, उजव्या हाताचं पहिलं बोट वर केलं आणि सवयीनं निकाल दिला, "बराबर."

"बराबर?"

"एकदम बराबर. काहून?"

पंचफुलाबाईनं मिठाचा डबा त्याच्या ताटाशी आणून ठेवला. "मीठ घालायचंच राहिलंय आज. माझ्या उशिरा ध्यानात आलं. मग म्हनलं, बघावं तुमाला तरी कळतंय का."

मसाजीचं बोट वरच्या वर राहिलं. ते खाली घ्यावं की तसंच ठेवावं, हे त्याला सुचेना.

आता मीठ विसरणं ही काही मोठी गोष्ट नव्हे. पण शिरड शहापुरात मसाजीच्या जिभेला जो मान होता, तो सरपंचाच्या शिक्क्यालासुद्धा नव्हता. लग्न असो, बारसं असो की सप्त्याचा भंडारा असो, मसाजीनं "बराबर" म्हटल्याशिवाय चुलीवरचं पातेलं खाली उतरवायचं नाही, हा गावचा रिवाज. आचारी पळीभर आमटी घेऊन यायचा. मसाजी तळहातावर थेंब घेऊन चाटायचा, डोळे मिटायचा. सगळा मांडव गप्प उभा. मग बोट वर जायचं, "बराबर" व्हायचं आणि पंगत बसायची. एकदा बराबर झालेली आमटी कोणाला तिखट लागली, तर त्यानं आपली जीभ तपासून घ्यावी, आमटीला नाव ठेवू नये. एका लग्नात रामजीला पहिल्याच घासाला असा ठसका लागला की डोळ्यांतून धारा लागल्या. "तिखट हाय का रे?" असं मसाजीनं लांबूनच विचारलं, तर रामजी डोळे पुसत म्हणाला, "न्हाई न्हाई, सासरी गेलेल्या लेकीची याद आली." रामजीला लेक नव्हती.

अशी ही जीभ मागच्या तापात गेली होती. ताप उतरला, अंगात थोडी ताकद आली, पण जीभ काही परत आली नाही. भाकरी, भाजी, चहा, गूळ, सगळ्याची एकच चव, म्हणजे कसलीच नाही. येईल आज, येईल उद्या, असं म्हणत मसाजीनं ही गोष्ट बायकोपासूनसुद्धा लपवून ठेवली होती. ती आज बिनमिठाच्या आमटीनं उघडी पाडली.

"आवं, आठवड्यावर रागिणीचं लगीन आलंय," पंचफुलाबाई म्हणाली. "आपल्याच दारात पंगत. प्रभू आचारी पळी घेऊन तुमच्याच म्होरं यिल. काय सांगान त्याला?"

"बराबर सांगन. दुसरं काय?"

"आन् नसली बराबर, मंग? पाव्हणे नरसीचे हाईत. आपल्या गावावानी गप खानारे न्हाईत ते. तुमच्या एका बराबरपायी माझ्या पोरीला जलमभर टोमणे ऐकावे लागतील!"

हे मात्र मसाजीच्या काळजाला लागलं. रागिणी त्याची एकुलती एक लेक. आणि शिवाय समोरच्या घरात जळबा होता. मसाजीचा हा मान आपल्याला मिळावा म्हणून जळबा गेली कित्येक वर्षं प्रत्येक आचाऱ्याच्या पळीमागं घुटमळत होता. त्याला वास लागला असता, तर संध्याकाळच्या आत गावभर झालं असतं.

पत्रिका वाटायला जातो असं सांगून मसाजी दुसऱ्या दिवशी एसटीत बसला आणि वसमतला डॉक्टर महेजबीनच्या दवाखान्यात जाऊन उभा राहिला. महेजबीन म्हणजे गावातल्या खत-बियाण्यांच्या दुकानवाल्या खाजा मियांची लेक. लहानपणी मसाजीच्या वावरात ओल्या हळदीनं हात पिवळे करून घरी जायची आणि आईचा मार खायची.

"काका, जीभ बाहेर काढा."

बाकावर शिरडचं कोणी नाही ना, हे मसाजीनं आधी दाराच्या फटीतून पाहून घेतलं. मगच जीभ काढली.

महेजबीननं बॅटरी मारून जीभ पाहिली, नाडी पाहिली, मग बोटावरची जखम पाहिली. "हे काय लागलंय?"

"विळा लागला व्हता. लई दिस झाले, भरूनच येईना."

"केस गळतात?"

मसाजीनं नुसती टोपी काढून दाखवली आणि पुन्हा घातली.

"आणि जेवण?"

"तापात काय जेवन? पेज आन् चहा-बिस्कुट. आन् आता चवच न्हाई तर खाऊ काय?"

"काका, तुमच्या अंगातलं झिंक कमी झालं असावं. झिंक म्हणजे आपलं जस्त."

"जस्त? बादल्या-पत्र्यांला लावतेत ते?"

"तेच. अंगाला अगदी चिमूटभरच लागतं, पण लागतं. जिभेची चव, जखम भरणं, आजाराशी झुंजायची ताकद, सगळं त्याच्यावर चालतं. पण चव जायला दुसरी कारणंही असतात. नुसत्या अंदाजावर नको, रक्त तपासायला पाठवते."

मसाजीचा चेहरा एकदम खुलला. "आस्सं व्हय! आगं मंग सोपं हाय की. हळदीचं पान पांढरं पडाया लागलं की आमी झिंकच टाकतो. तुज्याच बापाच्या दुकानातलं पोतं पडलंय घरी. एकरी धा किलो बसतंय. मला किती लागंल?"

"काका!" महेजबीन खुर्चीतून उठलीच. "त्या पोत्याला हात लावाल तर याद राखा. ते शेताचं आहे. पोटात गेलं तर उलट्यांनी बेजार व्हाल. आणि झिंक जास्त झालं की अंगातलं तांबं कमी होतं, ते आणखी वेगळंच दुखणं."

"तांबंबी असतंय व्हय आत?" मसाजीनं आपल्या पोटाकडं नव्यानं बघितलं. "लोखंड असतंय हे ऐकून व्हतो. म्हंजे भांड्याचं दुकानच म्हन की."

महेजबीननं रक्त घेतलं, एक बाटली काढली आणि चमचाभर औषध त्याच्या तोंडात घातलं. "हे झिंकचंच आहे, पण माणसाचं. कसं लागतंय?"

मसाजीनं ते तोंडात घोळवलं. "पाण्यावानी."

"बघा. ज्याच्या अंगात झिंक भरपूर, त्याचं तोंड यानं वाकडं होतं. ही काही पक्की तपासणी नव्हे, पण अंदाज येतो. रोज जेवल्यावर एक चमचा घ्या. तीळ, शेंगदाणे, हरभरे, भोपळ्याच्या बिया खा. अंडी खा."

"माळ हाय गळ्यात."

"मग अंडी राहू द्या. ज्या दिवशी या औषधानं तोंड वाकडं होईल, त्या दिवशी चव परत आली समजायचं आणि औषध बंद."

"कोनाला सांगू नको बरं, बेटा."

"डॉक्टर सांगत नसतात, काका."

डॉक्टर सांगत नसतात, हे खरं. पण मसाजी घरी येऊन ओट्यावर बसला, बाटली उघडून चमचा भरला आणि नेमका जळबा समोरच्या दारातून बाहेर आला.

"काय घेऊन राहिले भाऊ?"

मसाजी दचकला. औषध म्हणावं तर पुढचे प्रश्न आलेच. "प्रभू आचाऱ्यानं धाडलंय. पंगतीत देयाचं सरबत. चव बघून राहिलो."

"आन् कसं हाय?"

"काहीच न्हाई. पाण्यावानी."

"बघू बरं." जळबानं चमचा जवळजवळ हिसकावूनच घेतला. मसाजीच्या आधी नाही, तर निदान मसाजीच्या मागोमाग तरी चव सांगायची, ही संधी तो कशाला सोडतो? त्यानं औषध तोंडात ओतलं मात्र, त्याचा डावा डोळा आपोआप मिटला, कान मागं गेले आणि मान आखडली. जुनं नाणं चघळल्यागत सगळं तोंड तुरटलं होतं. थुंकावं म्हणून तो वळला, पण मधेच थांबला. मसाजी म्हणतो पाण्यावानी, आणि आपण म्हणायचं घाण? मग लोक कोणाची जीभ खोटी ठरवतील? जळबानं घोट कसाबसा गिळला.

"व्हय," तो म्हणाला. "पाण्यावानीच."

"खरं सांगतू का?"

"आईशप्पत. पाण्याहून पाण्यावानी."

मसाजीनं त्याला ओट्यावर ओढून गच्च मिठीच मारली. "आरं जळबा! मंग तुज्याबी अंगात झिंक न्हाई रे!" आणि आनंदाच्या भरात त्यानं ताप, जीभ, वसमतची डॉक्टरीण आणि बाटली, सगळं सांगून टाकलं. दुखण्यात सोबती मिळाला की माणूस मोकळा होतो.

जळबा मात्र पुरता अडकला. खोटं बोललो म्हणावं, तर जन्माचं हसं. खरं होतं म्हणावं, तर आपण आजारी. बराच वेळ तो तोंडातली ती चव गिळत बसला. मग त्यानं ठरवलं, आजारीच राहायचं, पण एकट्यानं राहायचं नाही.

"भाऊ, बाटली देता का जरा? पाराकडच्या लोकांचंबी बघावं म्हन्तो."

पारावर शिवहार होता, रामजी होता, दुकान बंद करून आलेले खाजा मिया होते आणि आणखी पाच-सहाजण होते. जळबा प्रत्येकाच्या तोंडात चमचा घालायचा आणि लगेच म्हणायचा, "पाण्यावानी लागतंय ना? मसाजी भाऊलाबी तसंच लागलं." शिवहारचे डोळे बाहेर आले, तो म्हणाला, पाण्यावानी. रामजीला ठसका लागला, पण लेकीच्या नावावर एकदा रडून झालं होतं, म्हणून तो नुसताच म्हणाला, पाण्यावानी. खाजा मियांनी दाढी घट्ट धरली, छताकडं पाहावं तसं पिंपळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "बिल्कुल पानी." बाटली तळाला गेली तेव्हा पारावरचा एकही गडी झिंकवाला उरला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून शिरडात भोपळ्याच्या बिया मिळेनाशा झाल्या. गडीमाणसं पारावर बसून बिया सोलत होती आणि एकमेकांच्या जिभा बघत होती.

मसाजी मात्र हलका झाला. "आता पंगतीचं काय भ्याव न्हाई," तो पंचफुलाबाईला म्हणाला. "गावातच कोनाला चव न्हाई. म्या बराबर म्हनलं काय आन् न म्हनलं काय."

"आन् नरसीवाल्यांला?"

नरसीकरांच्या जिभांचा मसाजीनं विचारच केला नव्हता. त्यानं घाईघाईनं महेजबीनला फोन लावला. "बेटा, बाटली संपली. गावच्या गाव झिंकाविना कोरडं हाय. तुजे अब्बाबी आले त्यात."

"काय सांगता?" महेजबीन घाबरलीच. जमिनीत झिंक कमी असलं की पिकात कमी येतं आणि पिकात कमी आलं की माणसात, हे तिला ठाऊक होतं. "अख्खं गाव? मग हे साधं नाही काका. मी लग्नाला येतेच आहे, येताना सुया-नळ्या घेऊनच येते. सगळ्यांचं रक्त घेऊ."

लग्नाच्या दिवशी दारात मांडव, मांडवात नरसीचे पाहुणे, मागं चुलाणावर आमटीचं भलं मोठं पातेलं. महेजबीन आली ती मसाजीला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, तुमचा रिपोर्ट आला. झिंक खरंच कमी आहे. ही नवी बाटली. आता गावाचं बघते." आणि सुरुवात घरापासून करावी म्हणून तिनं आपल्या बापालाच कोपऱ्यात घेतलं. सुई टोचायच्या आधी चमचाभर औषध तोंडात घातलं.

"या अल्ला!" खाजा मियांनी पिचकारीच मारली. "ये क्या जहर है बेटी?"

"अब्बा, पारावर तर तुम्ही पानी म्हणाला होता!"

"वो तो मसाजी बोला था ना. मसाजी के आगे क्या बोलना?"

महेजबीननं मग शिवहारला हाक मारली. त्यानं गोठ्याकडं पळत जाऊन चूळ भरली. रामजी थुंकला. जळबानं तर बाटली पाहूनच हात जोडले. "ताई, सुई नको. चमचाबी नको. लई घाण लागतंय. पन मसाजी भाऊला सांगू नका."

ती परत आली तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. "काका, गावाची काळजी सोडा. गावाला काही झालेलं नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे चव फक्त तुमची गेलीय."

आणि नेमका त्याच वेळी प्रभू आचारी वाफाळती पळी घेऊन समोर उभा राहिला. "घ्या भाऊ. सांगा."

मांडव गप्प झाला. नरसीचे व्याही कौतुकानं पुढं सरकले. त्यांनीही या जिभेबद्दल ऐकलं होतं. मसाजीनं तळहातावर थेंब घेतला, चाटला, डोळे मिटले. काहीच नाही. भाजलं तेवढं कळलं. बोट आपोआप अर्ध्यावर आलं. "बराबर" म्हणायला कितीसा वेळ लागतो? गाव मुकाट खाईल. पण डोळे उघडले तर समोर मुंडावळ्या बांधलेली रागिणी उभी, बापाचं बोट वर जायची वाट बघत. आपला मान राहावा म्हणून पोरीच्या संसाराला खोट्यानं सुरुवात करून द्यायची? त्याची त्यालाच लाज वाटली.

बोट खाली आलं.

"मला काय बी लागत न्हाई," मसाजी म्हणाला. "तापापासून जीभ मेलीय माजी. म्या खोटं कसं सांगू? जळबा, तू सांग बाबा. आजपासून तुजा मान."

ज्या पळीची जळबानं इतकी वर्षं वाट पाहिली, ती अशी अचानक त्याच्या हातात आली. त्यानं थेंब चाटला. त्याचा डावा डोळा मिटला. मग त्यानं हळूच मसाजीकडं पाहिलं.

"भाऊ, तुमाला कशी लागली?"

"आरं सांगितलं की, काहीच न्हाई लागली."

"मंग... मलाबी तसंच."

"आरं तू तुजं सांग ना!"

"तुमी आधी सांगा, मंग म्या सांगतो," जळबा काकुळतीला येऊन म्हणाला.

नरसीकर एकमेकांकडं बघू लागले. तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून पंचफुलाबाई तरातरा आली, जळबाच्या हातातून पळी घेतली, चाटली आणि ओरडली, "आवं, खारट ठान झालीय! प्रभू, काय पोतं वतलं का मिठाचं?"

प्रभू आचारी खाली मान घालून उभा राहिला. "वैनी, गावाला चव लागत न्हाई म्हनून ऐकलं व्हतं. म्हनलं, मीठ-मिरची दुप्पट टाकावी, तवा कुठं लोकांला कळंल."

"आता उभं काय राहिले? बिनमिठाची डाळ शिजवा आनखी. कनकेचे गोळे सोडा. गूळ आना, चिचंचा कोळ आना. व्याहीबुवा, जरा दम काढा, तोवर चहा घ्या."

थोड्या वेळानं तिनं पुन्हा थेंब चाटला, डोळे मिटले आणि बोट वर केलं. "बराबर." पंगत बसली. नरसीच्या पाहुण्यांनी आमटी दोन-दोनदा मागून घेतली. रामजी तर न रडता जेवला. आणि व्याही मसाजीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "खरं बोलनारं घर मिळालं आमच्या पोराला." मसाजीचे डोळे भरून आले, पण त्यानं ते तिखटावर ढकललं.

त्या दिवसापासून पळीचा मान पंचफुलाबाईकडं गेला. जळबा स्वतः पुतणीच्या लग्नाचं बोलावणं करायला आला तर म्हणाला, "वैनी, पळीला या बरं. भाऊलाबी आना." मसाजी रोज जेवल्यावर एक चमचा औषध घेत होता, बिया सोलत होता आणि बायकोमागं कार्यक्रमाला जात होता.

आणि एका सकाळी चहा गोड लागला. मसाजीनं कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. गोड! बोटावरची जखमही केव्हाच भरून आली होती. खात्री करावी म्हणून त्यानं फळीवरची बाटली काढून थेंबभर औषध जिभेवर घेतलं. तोंड असं वाकडं झालं की टोपी सरकली. "आहाहा!" मसाजी म्हणाला. "काय घाण हाय!" त्यानं ठरवलं, आता सांगायचं नाही, आज बायकोमागं पंगतीलाही जायचं नाही. दुपारी जेवताना आमटीची अशी चव सांगायची की पंचफुला बघतच राहिली पाहिजे.

दुपारी पंचफुलाबाई जळबाच्या घरच्या कार्यक्रमातून न जेवताच घाईनं परतली. अख्ख्या पंगतीनं तिची वाहवा केली होती, तोंडभर हसू होतं. तिनं भराभरा चूल पेटवली, ताट वाढलं आणि त्याच्यासमोर बसून बोट वर केलं. "आज आपल्या घरची आमटी एकदम बराबर झालीय. खाऊन बघा."

मसाजीनं भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात टाकला. आमटीत मीठ नव्हतं. कणभरसुद्धा नव्हतं. सांगायला तोंड उघडलं आणि समोर ते वर गेलेलं बोट दिसलं. त्या लग्नात रामजीला काय झालं असेल, ते मसाजीला आत्ता कळलं.

"बराबर," तो म्हणाला.

मग पंचफुलाबाईनं आपला घास घेतला आणि ती थबकली. "आगं बाई! मीठ राहिलं की!" तिनं नवऱ्याकडं पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत मोठी माया दाटून आली. "आन् तुमाला बराबर लागलं? आली न्हाईच व्हय हो अजून जीभ?"

ती उठली, फळीवरची बाटली काढली, चमचा काठोकाठ भरून त्याच्या तोंडाशी धरला. "घ्या. गिळा पटकन."

सांगावं का? सांगितलं तर खोटं बोललो, हेही सांगावं लागणार. मसाजीनं चमचा तोंडात घेतला. त्याचा डावा डोळा आपोआप मिटला, कान मागं गेले, मान आखडली.

"कसं लागलं?" पंचफुलाबाईनं काळजीनं विचारलं.

"पाण्यावानी," मसाजी म्हणाला.